मोल्सवर्थचा शब्दकोश आणि तुमच्या फोनमधला मराठी सर्च

एखादा मराठी शब्द समोर स्क्रीनवर दिसतोय, पण सर्चमध्ये तोच शब्द टाइप केला की उत्तर येतं, ‘काहीही सापडलं नाही’. हे तुमच्याबरोबर कधी ना कधी झालं असेलच. इंग्रजीत असं क्वचित होतं, मराठीत मात्र रोज होतं. त्यामागची कारणं आज समजून घेऊ, पण थोड्या वेगळ्या वाटेने. मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याला जाऊन दीडशे वर्षं उलटली आहेत. कॉम्प्युटर सोडा, टाइपरायटरसुद्धा त्याच्या हाताशी नव्हता. तरीही हजारो मराठी शब्द असे मांडायचे की कोणालाही हवा तो शब्द मिनिटभरात सापडावा, हे काम त्याने करून दाखवलं.

त्याचं नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. मराठी-इंग्रजी शब्दकोश म्हटलं की आजही पहिलं नाव हेच निघतं. आणि गंमत बघा, हे नाव मराठीत मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ, मोलेस्वर्थ असं चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. म्हणजे त्याच्याबद्दल शोधायला जावं तर पहिली ठेच त्याच्या नावालाच लागते!

सोळा-सतरा वर्षांचा शिपाईगडी

मोल्सवर्थचा जन्म १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८१२ मध्ये, म्हणजे वय जेमतेम सोळा-सतरा असताना, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात भरती होऊन मुंबई इलाख्यात आला. तुमच्यातले बरेच जण या वयात अकरावी-बारावीला असतील. सहा वर्षांनी, १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला. महसूल, कोर्ट, तक्रारी, सगळी कागदपत्रं मराठीत. नव्या राज्यकर्त्यांना भाषा येईना. मोल्सवर्थने मात्र मराठी मनापासून शिकून घेतली.

त्या वेळी कोश अगदीच नव्हते असं नाही. विल्यम केरीने १८१० मध्ये सेरामपूरहून एक मराठी कोश छापला होता, पण त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. १८२४ मध्ये व्हान्स केनेडीचा कोश आला. पण रोजच्या कारभारात जे शब्द कानावर पडत, त्यांच्या मानाने ही पुस्तकं तोकडी होती.

इथे मोडीपाशी जरा थांबू, कारण सर्चचा पहिला धडा तिच्यात आहे. मोडी ही भराभर लिहायची लिपी. तिच्यात ह्रस्व इकार आणि दीर्घ ईकार असा भेद सहसा करत नाहीत, उकाराचंही तेच. वाचणारा संदर्भावरून समजून घेतो. देवनागरीत मात्र ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. मोल्सवर्थने आपला कोश देवनागरीत केला, तेव्हा प्रत्येक शब्दाचं एक नेमकं रूप ठरवणं त्याला भाग पडलं.

तुमचा फोनही हेच करतो. त्याच्या दृष्टीने ‘ि’ आणि ‘ी’ ही दोन वेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे तुम्ही ‘आणी’ असं टाइप केलंत तर ‘आणि’ सापडत नाही. यावर उपाय आहे: सर्च करताना ह्रस्व-दीर्घ एकच धरायचं, जसं मोडी लिहिणारा कारकून धरायचा. पण मग ‘दीन’ शोधणाऱ्याला ‘दिन’चा ढीग मिळेल. म्हणून चांगला सर्च दोन्ही दाखवतो, फक्त तंतोतंत जुळणारा शब्द वर ठेवतो आणि सैल जुळणारे खाली.

शब्द गोळा करायचे कसे?

१८२५ च्या सुमाराला मोल्सवर्थने मुंबई सरकारपुढे मोठ्या मराठी-इंग्रजी कोशाची कल्पना मांडली आणि काम सुरू झालं. मदतीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे दोघे भाऊ होते. सोबत मराठी शास्त्र्यांची एक टोळी होती. वेगवेगळ्या भागांतले शब्द जमवायचे, ते खरंच वापरात आहेत का ते तपासायचं, अर्थ ठरवायचा, असं ते काम. पोथीतल्या संस्कृत शब्दांबरोबर शेतातले, बाजारातले, कोकणातले, घाटावरचे शब्दही त्यात घेतले गेले. या शास्त्र्यांशिवाय हा कोश झालाच नसता. मुखपृष्ठावर मात्र साहेबांचीच नावं आली, हेही सांगायला हवं.

आता शब्द गोळा करताना अडचण काय येते ते पाहा. माणूस बोलतो, ‘पाण्यात पडला’, ‘पाण्याने भरलं’, ‘पाण्याचा हंडा’. कोशात यातलं काय घालायचं? मोल्सवर्थने सगळ्या कोशकारांप्रमाणे मूळ रूप घेतलं: पाणी. कोश उघडणाऱ्याने ‘पाण्यात’वरून ‘पाणी’पर्यंत आपलं आपण पोचायचं. मराठी येणाऱ्या माणसाला ते सहज जमतं.

कॉम्प्युटरला ते जमत नाही. ‘पाणी’ या शब्दाचे तुकडे पाडले तर प, ा, ण, ी असे निघतात. ‘पाण्यात’चे प, ा, ण, ्, य, ा, त. पहिले तीन तुकडे जुळतात, चौथ्याला गाडी अडते. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी एखादं अक्षर जोडलं जातं आणि मूळ शब्द तसाच राहतो. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं अंगच बदलतं, ज्याला शाळेत आपण सामान्यरूप म्हणतो. रस्ता–रस्त्यावर, कुत्रा–कुत्र्याला, मूल–मुलाला. शेवटच्या उदाहरणात तर सुरुवातीचा दीर्घ उकारही ह्रस्व झाला.

यावरून एक युक्ती लगेच वापरता येते. सर्चमध्ये ‘पाणी’ऐवजी नुसतं ‘पाण’ टाइप करा, ‘रस्ता’ऐवजी ‘रस्त’. अनेक ॲपमध्ये पाणी, पाण्यात, पाण्याने सगळं एकदम येतं. काही ॲप पूर्ण अक्षर जुळल्याशिवाय पुढे जात नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही. पण करून बघायला काय जातं?

१८३१: कोश छापला गेला

१८३१ मध्ये कोशाची पहिली आवृत्ती निघाली. सुमारे चाळीस हजार शब्द. प्रत्येक मराठी शब्द देवनागरीत आणि त्याचा अर्थ इंग्रजीत, म्हणजे एकाच ओळीत दोन लिप्या. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, अरबीतून की हिंदुस्तानीतून, हे दाखवणारी एकेका अक्षराची खूण. आज शॉपिंग ॲपमध्ये ब्रँड, किंमत, रंग असे फिल्टर लावतो ना, त्याच जातीची ही माहिती. कागदावर फिल्टरचं बटण नसतं एवढंच.

एकच शब्द लोक दोन-तीन तऱ्हांनी उच्चारत आणि लिहीत. मोल्सवर्थने अशी रूपं शेजारी-शेजारी दिली, किंवा एका रूपापाशी ‘तिकडे पाहा’ असं लिहून दुसरीकडे पाठवलं. वाचक कोणत्याही दारातून आला तरी योग्य खोलीत पोचावा, ही त्यामागची सोय. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला नॉर्मलायझेशन म्हणता येईल: वेगवेगळी रूपं एका रूपाशी बांधायची.

आणि हेच आपल्या फोनमध्ये सगळ्यात जास्त बिघडतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, ‘ॲप’ हाच शब्द. तो तीन प्रकारे टाइप होतो: ‘ॲप’, ‘अॅप’ आणि ‘ऍप’. पहिल्या दोन रूपांत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. पण पहिल्यात ‘ॲ’ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात ‘अ’ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. मराठीचा हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीचं लिखाण जुन्या पद्धतीने झालं आणि अनेक कीबोर्ड अजून तसंच टाइप करतात. युनिकोडच्या नियमांनुसारही ही रूपं एकमेकांच्या बरोबरीची मानलेली नाहीत. म्हणजे प्रोग्रामरने मुद्दाम सांगितलं नाही, तर एक शोधताना दुसरं सापडणार नाही.

दुसरं उदाहरण, ‘दुसऱ्या’. यातला आडवा, पापणीसारखा र मराठीत आणि इतर मोजक्याच भाषांत लागतो. तो ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने लिहिता येतो, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो: ‘दुसर्‍या’. दोन्ही दिसायला सारखे. पण न दिसणारं चिन्ह एखाद्या ॲपने कचरा समजून काढून टाकलं, की ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर चढतो आणि शब्द चुकतो. जुन्या मराठी ब्लॉगवरचा मजकूर कॉपी करताना हे हमखास दिसतं.

क्रम: कोशाचा खरा सर्च

जाड कोशात शब्द कसा शोधतात? अंदाजे मधलं पान उघडायचं. हवा तो शब्द पुढे असेल तर पुढचा अर्धा भाग, मागे असेल तर मागचा. असं दर वेळी निम्मं-निम्मं करत गेलं की साठ हजार शब्दांतला कोणताही शब्द साधारण सोळा पायऱ्यांत सापडतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी ओळखलं असेल, हा बायनरी सर्च. तो चालायला एकच अट आहे: शब्दांचा क्रम पक्का हवा आणि तो वाचणाऱ्यालाही माहीत हवा.

फोनमध्ये इथेच घोळ होतो. आळशी पद्धतीने केलेला ॲप शब्दांचा क्रम युनिकोडमधल्या क्रमांकांप्रमाणे लावतो. त्या यादीत ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शेवटी म्हणतो, पण कॉम्प्युटर त्यांना क आणि ज मध्ये टाकतो. आणि ‘ॲ’ उशिरा आल्यामुळे त्याचा क्रमांक ‘ह’च्याही खूप पुढचा आहे. तुमच्या कॉन्टॅक्टमध्ये एखादे वकील ‘ॲड.’ लावून सेव्ह केलेले असतील आणि ते ‘अ’मध्ये न दिसता यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसले असतील, तर कारण हे आहे. मराठीचा बरोबर क्रम काय, हे सांगणारे नियम तयार आहेत आणि मोफत मिळतात. ॲप बनवणाऱ्याने ते वापरायचे असतात, बस.

आजारपण आणि दुसरी खेप

कोशानंतर मोल्सवर्थने इंग्रजी-मराठी कोशही हातात घेतला. पण तब्येतीने साथ दिली नाही आणि १८३६ मध्ये तो इंग्लंडला परतला. अर्धवट राहिलेलं काम थॉमस कँडीने पूर्ण केलं आणि तो कोश १८४७ मध्ये निघाला. मराठीत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय ज्याला देतात, तो कँडी हाच.

पहिल्या कोशात भर घालायची गरज होती. १८५१ मध्ये मोल्सवर्थ पुन्हा इकडे आला. वय छप्पन्न. त्याने पुढची सहा वर्षं दुसऱ्या आवृत्तीत घातली आणि १८५७ मध्ये ती छापली गेली. शब्दसंख्या चाळीस हजारांवरून सुमारे साठ हजारांवर गेली. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणतो ती हीच आवृत्ती. मराठी माणसांत तो मोलेसरशास्त्री म्हणून ओळखला जायचा, असं सांगतात. १८६० मध्ये तो कायमचा मायदेशी गेला आणि १८७१ मध्ये वारला.

त्याचा कोश मात्र चालूच राहिला. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची आटोपशीर आवृत्ती काढली. आपण तिला त्या काळातलं ‘लाइट व्हर्जन’ म्हणू. १९७५ मध्ये पुण्यात मूळ कोश पुन्हा छापला गेला. आणि नंतर शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश डिजिटल केले, त्यात मोल्सवर्थही इंटरनेटवर आला. मी स्वतः हा कोश जुना शब्द अडला की तिथेच बघतो, फोनवरून, फुकट.

‘नांव’ बुडाली की ‘नाव’?

पण मोल्सवर्थ फोनवर आला आणि नवी अडचण उभी राहिली. त्याच्या काळात ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘करणें’, ‘केळें’ असं लिहीत. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. तुम्ही-आम्ही शाळेत ‘करणे’ शिकलो. आता सर्च फक्त अक्षराला अक्षर जुळवत असेल, तर ‘करणे’ टाइप केल्यावर ‘करणें’ येणार नाही. शब्द तिथे आहे, अर्थ तिथे आहे, फक्त एका टिंबामुळे तुमची भेट होत नाही.

हा प्रश्न एका कोशापुरता नाही. १९६२ च्या आधी छापलेली सगळी मराठी पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं आज स्कॅन होताहेत. आजच्या शुद्धलेखनात शोधणाऱ्या मुलाला त्यांतलं काहीच सापडलं नाही, तर त्याच्यापुरतं ते लिखाण नसल्यासारखंच.

मग टिंबं काढून टाकावीत का? सर्चपुरती काढता येतील, पण जपून. मोल्सवर्थकडे ‘नांव’ म्हणजे ज्याने आपल्याला हाक मारतात ते, आणि ‘नाव’ म्हणजे होडी. टिंब काढलं की दोन्ही एक झाले. म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवायचा, शोधण्यासाठी त्याची एक साधी केलेली प्रत बाजूला ठेवायची, आणि निकालात दोन्ही शब्द दाखवून निवड वाचणाऱ्यावर सोडायची.

सगळ्यात धोकादायक चूक वेगळीच आहे. युरोपीय भाषांत अक्षरावरची खूण काढली तरी शब्द ओळखता येतो, म्हणून ‘सगळ्या खुणा काढून टाका’ ही प्रोग्रामरांची आवडती युक्ती आहे. युनिकोडने आपल्या मात्रांचे दोन गट केले आहेत. काना, वेलांट्या अशा जागा घेणाऱ्या मात्रा एका गटात. उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलंत हे जागा न घेणाऱ्या खुणांच्या गटात. ती युक्ती दुसरा गट उडवते. परिणाम? ‘नाशिक’ सुखरूप राहतं, ‘मुंबई’चं ‘मबई’ होतं आणि ‘पुणे’चं चक्क ‘पण’! मग पुणे शोधायला गेलेल्या माणसाला ‘पण’ असलेलं प्रत्येक वाक्य दिसायला लागतं.

फिल्टरचंही तसंच. शब्द वेगळे काढण्यासाठी जे तयार नमुने वापरतात, त्यांतल्या काहींना मात्रा म्हणजे शब्दाचा भाग वाटतच नाही. पायथनसोबत येणाऱ्या नमुना-शोधकाला ‘मराठी’ दिली, तर तो ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे हातात देतो. अशा तुकड्यांवर शिवीगाळ ओळखणारा किंवा स्पॅम अडवणारा फिल्टर उभा केला, तर तो कोणाला अडवेल आणि कोणाला सोडेल याचा भरवसा नाही. चांगल्या माणसाची कॉमेंट उडेल आणि शिवी देणारा निवांत राहील.

तुम्ही काय करू शकता?

वापरणारे असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- शब्द सापडला नाही, तर शेवटची मात्रा काढून पुन्हा शोधा.
- जुन्या मजकुरात शोधताना अनुस्वार देऊन बघा: नांव, गांव, करणें.
- ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ असलेले शब्द अडले, तर दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप करून बघा, किंवा समोर दिसणारा शब्द कॉपी करून सर्चमध्ये पेस्ट करा.
- ॲपच्या फीडबॅकमध्ये नुसतं ‘मराठी सर्च चालत नाही’ न लिहिता नेमका शब्द लिहा. एका उदाहरणाने प्रोग्रामरचं काम निम्मं होतं.

कोडिंग शिकत असाल तर: मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच नॉर्मलायझेशन लावा, ॲ आणि ऱ्या यांची रूपं स्वतः जुळवून घ्या, खुणा सरसकट काढू नका, क्रम लावण्यासाठी आयसीयूसारखी तयार मुक्त लायब्ररी वापरा. आणि चाचणीला हे शब्द ठेवा: पुणे, दुसऱ्या, ॲप, नांव, पाण्यात. हे पाच पास झाले तर तुमचा सर्च बऱ्याच नावाजलेल्या ॲपच्या पुढे आहे असं समजा.

मोल्सवर्थ आणि त्याच्या शास्त्र्यांनी बोलणाऱ्या माणसाकडून सुरुवात केली: तो शब्द कसा बोलतो, कसा लिहितो, कुठल्या रूपात विचारायला येईल. मग त्याप्रमाणे कोश रचला. आपल्या ॲपमध्ये मराठी सर्च करायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते. आज रात्री पाच मिनिटं काढा, तुमच्या नेहमीच्या ॲपमध्ये वरचे पाच शब्द शोधून बघा आणि काय सापडलं, काय नाही, ते लिहून त्या ॲपवाल्यांना पाठवा.